पोच

भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत कमी आव्हान वाटणारा मजकूर कोणता, असे विचारले तर बहुतेक जण यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या दोन-तीन शब्दांच्या सूचनेकडे बोट दाखवतील. तिला कर्ता नसतो, बहुधा क्रियापदही नसते. शैली, लय, अलंकार यांचा प्रश्नच उद्भवत नाही. साहित्यशास्त्राच्या तासाला ज्या अभिधेचा उल्लेख करून आपण लगबगीने लक्षणा-व्यंजनेकडे वळतो, ती निव्वळ अभिधा म्हणजे हाच मजकूर. गेले काही महिने मात्र अशा चाळीस-एक सूचनांनी माझा बराच रिकामा वेळ व्यापला. या सूचना वाटतात तितक्या सपाट नाहीत, त्यांच्या मराठीकरणाचा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही, आणि त्या नीट न समजण्याची किंमत प्रसंगी जिवाने मोजावी लागते, हे या काळात ध्यानी आले. त्यासाठी हा लेखनप्रपंच.

पनवेलमध्ये राहणाऱ्याला समुद्र रोज दिसत नाही, त्याचा व्यवहार मात्र दिसतो. एके काळी इथल्या खाडीत गलबते येत. आज पळस्पे फाट्यावरून जेएनपीटीकडे कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची रांग लागते. याच तालुक्यातल्या न्हावे गावी ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही १९१० साली स्थापन झालेली नाविक प्रशिक्षण संस्था आहे. त्यामुळे आमच्या महाविद्यालयात दर वर्षी काही मुले अशी असतात, की ज्यांचे वडील, काका किंवा मोठा भाऊ बोटीवर असतो. उरण तालुक्यातल्या एका कोळीवाड्यातून येऊन बी.ए. झालेला माझा असाच एक माजी विद्यार्थी बंदरातल्या टगवर काम करतो आणि रजेच्या दिवसांत गावातल्या होतकरू मुलांना बोटीवरच्या कामाची तोंडओळख करून देतो. जहाजाच्या ट्रान्सपाँडरवर येणाऱ्या इशाऱ्यांची आणि स्थितिदर्शक संदेशांची यादी त्यानेच माझ्यापुढे ठेवली. ‘‘मॅडम, मुलं बझर बंद करायला पहिल्याच दिवशी शिकतात. तो का वाजला हे मात्र कुणी विचारत नाही. मराठीत लिहून द्याल का?’’ एवढीच त्याची मागणी होती.

प्रथम या यंत्राविषयी. ‘ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम’, थोडक्यात ‘एआयएस’, हे त्याचे नाव. समुद्रातील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, म्हणजे ‘सोलास’च्या पाचव्या प्रकरणान्वये, २००२ ते २००४ या काळात ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी ३०० टनांहून मोठी जहाजे आणि सर्व प्रवासी जहाजे या सक्तीच्या कक्षेत येतात. यंत्राचे काम तसे साधे आहे. जहाजाचा नऊ अंकी क्रमांक, त्याचे स्थान, वेग, दिशा आणि अवस्था ते रेडिओलहरींवरून आसपासच्या सर्वांना सांगत राहते व इतरांचे ऐकत राहते. भारतीय जहाजांचा क्रमांक ४१९ या आकड्यांनी सुरू होतो. चालते जहाज दर दोन ते दहा सेकंदांनी बोलते, नांगरलेले दर तीन मिनिटांनी. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर हे संभाषण चालते. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० समान तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक जहाज इतरांचे ऐकून, रिकामा तुकडा हेरून त्यात आपले म्हणणे मांडते. अध्यक्ष नसलेल्या सभेत प्रत्येक वक्त्याने आपापली पाळी राखावी आणि कुणाचे बोलणे कुणावर आदळू नये, अशी ही व्यवस्था आहे. पाळीचा ताल उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेळेवर राखला जातो. तो ताल सुटला की ‘यूटीसी सिंक इनव्हॅलिड’ असा इशारा येतो.

आता यादीकडे. तिच्यात दोन प्रकारचे संदेश आहेत. एक ‘अलार्म’, म्हणजे इशारा. दुसरा ‘स्टेटस’, म्हणजे स्थिती. ‘बाहेरील उपग्रह-ग्राहक वापरात आहे’, ‘आतील उपग्रह-ग्राहक वापरात आहे’, ‘नाळेची दिशा ग्राह्य आहे’ ही झाली स्थिती. ती आवाज करत नाही, कुणाकडून उत्तराची अपेक्षाही ठेवत नाही. इशारा मात्र वाजतो आणि कुणीतरी त्याची दखल घेतल्याचे कळेपर्यंत अडून राहतो. वरवर पाहता हा फरक तीव्रतेचा वाटतो. मुलांच्या मनातली समजूतही तशीच असते: इशारा म्हणजे संकट आणि स्थिती म्हणजे माहिती. यादी क्रमाने वाचत गेल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. या यादीतल्या इशाऱ्यांपैकी जवळजवळ एकही समुद्रातल्या संकटाविषयी नाही. खडक जवळ आला, पाणी शिरले, आग लागली, असे हे यंत्र कधी म्हणत नाही. ते म्हणते: प्रक्षेपक बिघडला, अँटेनातून लहरी परत फिरत आहेत, पहिल्या वाहिनीवर ऐकू येत नाही, दिशादर्शकाकडून काही मिळत नाही, स्थान उपलब्ध नाही. म्हणजे हे सर्व इशारे जहाजाच्या बोलण्या-ऐकण्याविषयीचे आहेत. आपला आवाज बाहेर जातो आहे की नाही, जातो आहे तर खरा जातो आहे की नाही, एवढ्याच एका प्रश्नाची ही निरनिराळी उत्तरे होत.

ही बाब एकदा ध्यानात आली की बझर बंद करण्याच्या कृतीचा अर्थ बदलतो. प्रक्षेपक बंद पडलेल्या जहाजाला बाहेरून कुणी ‘तुझा आवाज येत नाही’ असे सांगू शकत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या लेखी ते जहाज तिथे नसतेच. दूरध्वनीवर बोलताना पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ असे विचारले जाते, ते पलीकडच्याला आपण आहोत हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे. समुद्रावरच्या या सभेत तशी सोय नाही. आपण मुके झालो आहोत याचा एकमेव साक्षीदार म्हणजे आपल्याच खोलीत वाजणारा तो बझर. तो गप्प करून कामाला लागणारा मुलगा एक कटकट मिटवल्याच्या समाधानात असतो. वस्तुतः त्याने आपल्या जहाजाचे अदृश्य होणे मान्य केलेले असते.

साहित्यशास्त्राची मदत मला झाली ती नेमकी इथे. ‘अँटेना व्हीएसडब्ल्यूआर एक्सीड्स लिमिट’ या संदेशाचा वाच्यार्थ असा, की अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी मर्यादेबाहेर शक्ती परत फिरते आहे. केबलच्या जोडात खारे पाणी शिरले, गंज चढला, अँटेनाला धक्का बसला, की असे होते. यंत्र काम करीत राहते, दिवे लागलेले असतात, पडद्यावर इतर जहाजेही कदाचित दिसत असतात. ‘आपला आवाज आता फार लांब जात नाही, वीस मैलांवरून जो आपल्याला ऐकायचा, त्याला आपण अगदी जवळ येईपर्यंत कळणार नाही’ हा त्याचा खरा अर्थ कोणत्याही शब्दात नाही, तो व्यंग्य आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीची चर्चा केली ती काव्याच्या संदर्भात, आणि तो अर्थ सहृदयालाच कळतो असे मानले. इथे सहृदयाच्या जागी प्रशिक्षित कान असलेला खलाशी आहे, इतकाच फरक. प्रशिक्षणाची भाषा परकी असेल तर त्या कानावर वाच्यार्थही धड पडत नाही, मग व्यंग्यार्थाची गोष्टच दूर.

मराठी करताना म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली. प्रत्येक इशाऱ्यासाठी दोन ओळी: पहिल्या ओळीत यंत्र काय म्हणते ते, आणि दुसऱ्या ओळीत त्यामुळे इतरांना काय कळत नाही ते. ‘टीएक्स मालफंक्शन’साठी ‘प्रक्षेपण बंद. आपले जहाज कुणालाही दिसत नाही.’ ‘आरएक्स चॅनल १ मालफंक्शन’साठी ‘वाहिनी १ वर ऐकू येत नाही. इतर जहाजांची अर्धीच खबर मिळते.’ ‘हेडिंग लॉस्ट’साठी ‘नाळेची दिशा मिळत नाही. आपले तोंड कुठे आहे ते इतरांना कळत नाही.’ ‘नो सेन्सर पोझिशन इन यूज’साठी ‘स्थान उपलब्ध नाही. आपण आहोत हे कळते, कुठे आहोत ते कळत नाही.’

‘हेडिंग’साठी ‘दिशा’ एवढाच शब्द पुरेसा का नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. बोटीची नाळ एकीकडे असते आणि ओहोटीच्या ओढीने ती सरकत असते दुसरीकडे. कोळ्याच्या पोराला हे शिकवावे लागत नाही, पण ‘दिशा’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला तर त्याला आधीपासून येत असलेली गोष्टही गढूळ होते. तेव्हा ‘हेडिंग’ म्हणजे ‘नाळेची दिशा’ आणि ‘कोर्स ओव्हर ग्राउंड’ म्हणजे ‘प्रत्यक्ष जाण्याची दिशा’, असे आम्ही ठरवले. परिभाषा घडवताना आपण संस्कृतकडे धावतो, ते पुष्कळदा सोयीचेही असते. परंतु ज्या व्यवसायाला स्वतःचे शब्द आहेत त्याच्या दारात जाऊन आधी विचारावे, हे अधिक बरे.

क्रियापदाचाही प्रश्न होताच. मराठीच्या विद्यार्थ्याने ‘आज्ञापत्र’ वाचलेले असते. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची भाषा विध्यर्थाची आहे: अमुक करावे, तमुक ठेवावे. माझ्या विद्यार्थ्याचा आग्रह असा, की इशाऱ्यातही ‘केबल तपासावी’ असे सांगून टाकावे. मला ते पटले नाही. यंत्र आज्ञा देत नाही, ते स्वतःची अवस्था सांगते, आणि त्या अवस्थेवरून काय करायचे ते माणसाने ठरवायचे असते. एकाच इशाऱ्याला खुल्या समुद्रात एक उत्तर असेल, बंदराच्या अरुंद मार्गात दुसरे. शेवटी कृतीच्या सूचना वेगळ्या पानावर गेल्या आणि इशाऱ्याचे वाक्य वर्तमानकाळातच राहिले.

या यंत्राची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट म्हणजे ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याची त्याची रीत. जहाजाचे स्थान कळत नसेल तेव्हा ते शून्य अक्षांश, शून्य रेखांश असे सांगत नाही. कारण तो बिंदू खरोखरच अस्तित्वात आहे, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. ते अक्षांश ९१ आणि रेखांश १८१ असे सांगते. पृथ्वीवर अक्षांश ९० ला संपतात आणि रेखांश १८० ला. जिथे कुणीही असू शकत नाही असे ठिकाण म्हणजेच ‘माहीत नाही’. नाळेची दिशा ३५९ अंशांपर्यंतच असू शकते. ती कळत नसेल तर ५११ हा आकडा जातो. वेग कळत नसेल तर १०२.३ नॉट. आम्हा प्राध्यापकांना हा भेद गुणपत्रिकेमुळे चांगला परिचयाचा आहे: ‘शून्य’ आणि ‘गैरहजर’ या एकाच गोष्टी नव्हेत. शून्य मिळवणारा परीक्षेला आलेला असतो. थांबलेल्या जहाजाचा वेग शून्य असतो, आणि वेग ठाऊक नसलेले जहाज पूर्ण गतीने येत असू शकते.

याहून सूक्ष्म भेद वेळेच्या रकान्यात आहे. स्थान कोणत्या सेकंदाला घेतले ते सांगण्यासाठी ० ते ५९ हे आकडे आहेत. त्यापुढचे आकडे खुणेचे. ६१ म्हणजे स्थान माणसाने हाताने भरले आहे. ६२ म्हणजे ते आधीच्या वेग-दिशेवरून अंदाजलेले आहे. ६३ म्हणजे स्थान देणारी यंत्रणाच बंद आहे. ‘जहाज इथे आहे’ आणि ‘जहाज इथे असावे’ या दोन मराठी वाक्यांतला फरक यंत्राने एका आकड्यात साठवला आहे. आपल्या बोलण्यात, आणि सध्याच्या वृत्तलेखनात तर विशेषच, ‘आहे’ आणि ‘असावे’ यांची सरमिसळ ज्या बेफिकिरीने होते ती पाहता या यंत्राचे व्याकरण आदर्श मानावे असे वाटते.

अर्थात यंत्राच्या या प्रामाणिकपणाला मर्यादा आहेत. जहाजाची अवस्था, म्हणजे ते इंजिनावर चालते आहे, नांगरलेले आहे, धक्क्याला बांधलेले आहे, की रुतले आहे, ही माहिती उपकरणाकडून येत नाही. ती अधिकाऱ्याने निवडायची असते. या अवस्थांची यादी नवी नाही. १९७२ च्या टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांत दिवसा टांगायच्या काळ्या गोळ्यांची भाषा आहे: एक गोळा म्हणजे नांगरलेले, दोन म्हणजे हालचालीस असमर्थ, तीन म्हणजे रुतलेले. इंग्रजीत ‘नॉट अंडर कमांड’ असे नाव असलेल्या अवस्थेचे शब्दशः मराठी केले तर जहाजावर कप्तानच नाही असे कुणालाही वाटेल. तिचा अर्थ एवढाच, की हे जहाज इतरांच्या वाटेतून बाजूला होऊ शकत नाही. तुम्ही बाजूला व्हा. गोळे टांगणारा माणूस ते उतरवायला विसरत असे. आता बटण बदलायला विसरतो. सकाळी नांगर उचलून निघालेले जहाज दुपारी आठ नॉटच्या वेगाने जात असताना जगाला ‘मी नांगरलेले आहे’ असे सांगत राहते. यंत्राला ही विसंगती जाणवते, आणि ‘नॅव्ह स्टेटस इनकरेक्ट’ असा इशारा येतो. पण यंत्र ती आपण होऊन दुरुस्त करत नाही. बोलणे आणि वागणे जुळत नाही, एवढेच ते निदर्शनास आणते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. उपग्रहाकडून येणारी खूणच कुणी दाबून टाकली किंवा खोटी पाठवली, तर जहाज संपूर्ण सद्भावनेने चुकीचे स्थान सांगते. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या परिसरात असंख्य जहाजांच्या बाबतीत असा व्यत्यय आला. कोकणातल्या कितीतरी घरांतले खलाशी त्या वाटेने ये-जा करतात. आतील आणि बाहेरील ग्राहकाने सांगितलेली स्थाने जुळत नाहीत असा एक इशारा यादीत आहे. एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या त्या ओळीचे महत्त्व अशा वेळी कळते. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलत असतील तर कोण खरे ते यंत्र सांगू शकत नाही, पण एकावर विसंबून राहू नये हे सांगू शकते.

तिसरी मर्यादा अशी, की सर्व संदेश ठीक असूनही अनर्थ घडू शकतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबईच्या प्रोंग्ज दीपगृहाजवळ जेएनपीटीहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. दोन्ही मोठी मालवाहू जहाजे, दोन्ही ट्रान्सपाँडरच्या सक्तीच्या कक्षेतली. ‘चित्रा’ कलंडले, कंटेनर समुद्रात पडले, तेलाचा तवंग मुंबईपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पसरला आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. एकमेकांच्या अस्तित्वाची खबर मिळणे आणि एकमेकांचा हेतू कळणे यांत अंतर आहे, आणि ते माणसांनी बोलूनच पार करावे लागते.

मात्र आवाजच नसेल तर काय होते, हे आपल्या किनाऱ्याने याहून जुन्या आणि दारुण प्रसंगात पाहिले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बोट सकाळी बुडाली आणि मुंबईला बातमी कळली ती दुपार टळत आल्यावर, कसेबसे किनाऱ्याला लागलेल्या वाचलेल्यांच्या तोंडून. दरम्यान मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्या दैवयोगाने तिथे पोहोचल्या म्हणून काही जीव वाचले. किनाऱ्यापासून काही मैलांवर शेकडो माणसे पाण्यात असताना शहराचा दिवस नेहमीसारखा चालू होता. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून ‘रामदास’ची आठवण अजून निघते, आणि तिच्यात वादळाइतकाच त्या मधल्या तासांचा सल असतो.

याच्या उलट टोकाची घटना ३१ जुलै २०११ ची. ‘पवित’ नावाचे सुमारे हजार टनांचे तेलवाहू जहाज त्या दिवशी जुहूच्या किनाऱ्याला येऊन लागले. महिनाभरापूर्वी ओमानजवळच्या समुद्रात इंजिन बंद पडल्याने खलाशांनी ते सोडले होते आणि ते बुडाले अशीच समजूत झाली होती. वीज नसलेल्या जहाजाचा ट्रान्सपाँडर बोलत नाही. अरबी समुद्र ओलांडून ते निर्मनुष्य जहाज मुंबईच्या दारात आले, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभारलेल्या सागरी पहाऱ्यातल्या कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. ‘रामदास’च्या वेळी गप्प असलेली बोट सुखरूप असेल असे मानले गेले, ‘पवित’च्या वेळी गप्प असलेले जहाज बुडाले असेल असे. शांततेला स्वतःचा अर्थ नसतो. ऐकणारा त्यात आपला अर्थ भरतो. म्हणूनच शांतता सुरू होण्याआधी वाजणाऱ्या इशाऱ्याचे मोल.

आता ‘पोच’ या शब्दाकडे येते. इशारा वाजल्यावर जे बटण दाबायचे त्यावर ‘ॲक्नॉलेज’ असे लिहिलेले असते. यंत्राच्या आतल्या नोंदीत प्रत्येक इशाऱ्यापुढे दोन स्वतंत्र खुणा असतात: एक, बिघाड अजून आहे की नाही, दोन, कुणी दखल घेतली की नाही. दोन्ही मिळून चार शक्यता होतात, आणि त्यातली सर्वांत धोक्याची म्हणजे ‘बिघाड आहे, दखल घेतली आहे’. आवाज थांबलेला असतो आणि दोष जागच्या जागी असतो. सरकारी कचेरीत अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेतलेल्या कुणालाही ही अवस्था समजावून सांगावी लागू नये. ‘पोच मिळाली’ म्हणजे ‘काम झाले’ असे आपण मानत नाही. म्हणून ‘ॲक्नॉलेज’साठी ‘स्वीकृती’ किंवा ‘मान्यता’ असे भारदस्त शब्द न योजता आम्ही ‘पोच’ हाच शब्द ठेवला. ‘पोच दिली’ असे म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: मग पुढे काय झाले?

यादीत एकच इशारा असा आहे, की जो आपल्या यंत्राविषयी नाही: ‘ॲक्टिव्ह एआयएस-सार्ट’. जीवरक्षक नौकेत बसलेल्या कुणीतरी आपले छोटे प्रक्षेपक सुरू केले आहे, असा त्याचा अर्थ. त्याचा क्रमांक ९७० ने सुरू होतो. इतर सर्व इशारे ‘मी बोलू शकत नाही’ असे सांगतात. हा एक ‘कुणीतरी बोलते आहे’ असे सांगतो. त्याच्या मराठी ओळीला मात्र आम्ही आमचा नियम मोडून विध्यर्थ जोडला: ‘जवळ कुणी संकटात आहे. पोच देऊन थांबू नये.’

मोठ्या जहाजांची ही भाषा आता लहान नौकांकडे येऊ लागली आहे. इस्रोने विकसित केलेले आपत्कालीन संदेश पाठवणारे यंत्र २०१० पासून मच्छीमारांच्या वापरात आले. ते एकमार्गी होते. तांडेलाने बटण दाबले की संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या नियंत्रण केंद्राकडे व तिथून तटरक्षक दलाकडे जाई, पण तो पोहोचला की नाही हे बोटीवर कळण्याचा मार्ग नव्हता. उधाणलेल्या समुद्रात बटण दाबून वाट पाहणाऱ्या माणसाची कल्पना केली की ‘पोच नाही’ या दोन शब्दांचे वजन कळते. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने माहिती दिलेल्या या यंत्राच्या दुसऱ्या पिढीत किनाऱ्याकडून बोटीला पोच देण्याची सोय आहे, आणि मोबाइलला जोडून संदेश आपल्या भाषेत वाचण्याचीही. त्यानंतर ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे केंद्र सरकारच्या ज्या योजनेचा प्रारंभ झाला, तिच्यात तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशवहन करणारे ट्रान्सपाँडर विनामूल्य बसवण्याचे उद्दिष्ट आहे; तिचा खर्च ३६४ कोटी रुपये. हवामानाची, मासळीच्या संभाव्य जागेची, सागरी सीमा जवळ आल्याची सूचना त्यावर मिळायची आहे.

यंत्र विनामूल्य देता येते. त्याच्या संदेशांचा अर्थ तसा देता येत नाही. ‘आपल्या भाषेत’ या शब्दप्रयोगात कोणती मराठी अभिप्रेत आहे हे ठरवावे लागेल. ‘जलयान सीमोल्लंघन अधिसूचना’ असे काही पडद्यावर झळकले तर ते इंग्रजीइतकेच परके ठरेल, आणि बझर बंद करण्याचे बटण पूर्वीइतकेच सोयीचे वाटेल. त्या ओळी कोण लिहिणार, कुणाला विचारून लिहिणार, हा मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्यापासून दूरचा मानावा असा प्रश्न नाही. मराठी विभागांत उपयोजित मराठीचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत जाहिरातलेखन असते, वृत्तलेखन असते. इशारालेखन असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी तरी ते सुरू करायला हरकत नसावी.

मराठीत ‘पोच’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. आवाज किंवा हात जिथवर जातो ती पोच. मिळाल्याची खूण ती पोच. आणि एखाद्याला ‘पोच नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रसंग ओळखण्याची समज ती पोच. ट्रान्सपाँडरची पोच अँटेनाच्या उंचीवर ठरते, इशाऱ्याची पोच एका बटणावर मिळते. तिसरी पोच यंत्रात बसवता येत नाही. ती त्या बटणावर बोट ठेवणाऱ्या मुलाला आम्हीच द्यायची आहे, त्याच्या भाषेत.